घराआधी ग्रामसभा

१९८०-९०च्या दशकांत हिंगोली-परभणीकडून पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत गेलेली पिढी आता निवृत्त व्हायला लागली आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांना गावी परतायचं आहे. ही माणसं जागा बघायला येतात तेव्हा पाणी विचारतात, रस्ता विचारतात, दवाखाना किती लांब, मोबाइलला रेंज येते का, हेही विचारतात. गावाचा कारभार कसा चालतो, निवडणुकीनंतर हरलेल्या गल्लीशी गाव कसं वागतं, ग्रामसभा खरंच भरते की नुसती वहीत, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं म्हणणं आहे की ते आधी विचारावं. हे मत माझं मी बनवलेलं नाही. माझी आई आणि माझा मामा यांच्या वादातून ते तयार झालं, म्हणून तो वादच इथं मांडतो.

मामा नरसी नामदेवचा. कयाधूच्या काठावर वाढला, भोसरीच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं, पुढच्या वर्षी निवृत्त होतो आहे. नरसीत जागा घेऊन घर बांधायचं त्याच्या मनात आहे. आई त्याची थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, बदल्यांमुळे निम्मा जिल्हा पाहिला, आणि प्रत्येक निवडणुकीला मतदान केंद्रावर ड्युटी केली. आता हिंगोलीत राहते. आषाढी उरकल्यावर वद्य एकादशीला नरसीत परतवारीची यात्रा भरते. पंढरपूरहून आलेले वारकरी नामदेवरायांच्या दर्शनाला येतात, गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मामा आला आणि बोलणं घरावर गेलं.

मामा : अक्का, मी काय सरपंचकीला उभा राहायलो का? दोन खोल्या, पुढं अंगण. पहाटे काकडा, संध्याकाळी नदीवर फेरी. मला राजकारण काय करायचंय?

आई : घराला नळ लागंल का?

मामा : लागंलच की.

आई : मग तो कोण देणार? घर बांधलं की ग्रामपंचायतीच्या आकारणीला लावावं लागतं, तेव्हा नमुना आठचा उतारा निघतो. त्याच्यावर घरपट्टी, त्याच्यावर नळ, त्याच्यावर मीटर. पुढं गटार, दारापुढचा दिवा, शेजाऱ्यानं रस्त्यात काढलेला ओटा. सगळं त्याच चार भिंतींत ठरतं. तू राजकारणाकडं नाही गेलास तरी ते तुझ्या मोरीपर्यंत येतंच.

मामा : ते तर शहरातबी आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च २०२२ पासून चार वर्षं होत आली तोवर नगरसेवकच नव्हते. महापालिकेवर प्रशासक. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. तोवर काय आमच्या घरी पाणी आलं नाही? कचरा उचलला नाही? मला तर फरक कळलासुद्धा नाही.

आई : आणि पाणी दिवसाआड कधीपासून आहे तुमच्याकडं?

मामा : २०१९ पासून.

आई : रोज काहून देत नाहीत, असं कुणाला विचारलंस?

मामा : (थोडं थांबून) कुणाला विचारणार?

मामाचा मुद्दा मी सहज सोडणार नाही. मोठ्या शहरात कारभाराचं यंत्र माणसाला न ओळखता चालतं, आणि अनेकांना तेच हवं असतं. बिल भरलं, पावती आली, संपलं. प्रशासकाच्या काळात शहरं बंद पडली नाहीत, हे खरं आहे. पण दिवसाआड येणाऱ्या पाण्याची सवय होते, प्रश्न विचारायची सवय जाते, आणि तीच सवय घेऊन माणूस गावी येतो. गावात तर तुम्हाला ओळखल्याशिवाय काहीच चालत नाही. ज्याच्याशी गटारावरून भांडायचं त्याच्याच मुलीच्या लग्नाला अक्षता टाकायला जायचं असतं.

मामा : तू शाळेत होतीस ना, सगळ्या गावांत चांगलंच बोलायचे तुला.

आई : बाईंना चांगलंच बोलतात. पण मी केंद्रावर बसलेली आहे, मला दिसतं. ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणजे एका प्रभागात चारशे-पाचशे मतं. दोन्ही पॅनेलचे एजंट दारापाशी यादी घेऊन बसतात. माणूस आत गेला की नावापुढं पेन्सिलची खूण. दुपारपर्यंत कोणत्या घरातली किती मतं पडली, ते त्यांना पाठ. मोजणी प्रभागवार होते, म्हणून संध्याकाळी भावकीभावकीचा हिशोब जुळवतात. अमुक आळीनं आपल्याला दिलं नाही. मशीन गुप्त आहे रे, गाव गुप्त नाही.

मामा : मग? दोन दिवस तोंड फुगवतात, परत एक होतात.

आई : काही गावांत होतात. आणि एका गावात मी होते, नाव घेत नाही, तिथं पाइपलाइन टाकत आले आणि सहा घरं राहिली असताना खोदणं थांबलं. पुढची सहा घरं पडलेल्या पॅनेलची. दोन वर्षं त्या बाया शाळेच्या हातपंपावर यायच्या. माझ्या वर्गातल्या पोरी पहिल्या तासाला यायच्या नाहीत, कारण रांगेत घागर असायची. कागदावर योजना पूर्ण, गावाला विचारलं तर सगळ्यांना नळ. तू जागा बघायला आला असतास तर तुला पहिल्या आळीतला नळ दाखवला असता.

ही सहा घरं माझ्या डोक्यातून जात नाहीत. राहायला गाव बघणारा माणूस सरासरी बघतो. पाणी आहे का, तर आहे. कारभार मात्र सरासरीत दिसत नाही. तो दिसतो टोकाच्या घरात, नळाची लाइन जिथं संपते तिथं. म्हणून आईची पहिली अट अशी, की गावात गेल्यावर हरलेल्या पॅनेलच्या आळीत आधी जायचं.

मामाकडं याला उत्तर होतं.

मामा : म्हणून तर बिनविरोध गाव बघावं. निवडणूकच नाही तर भांडण कशाचं? हिवरे बाजार बघ.

आई : बघू. पोपटराव पवार १९८९ मध्ये बिनविरोध सरपंच झाले. त्याआधी त्या गावातून माणसं पुण्या-मुंबईला पळत होती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी केली, श्रमदानानं पाणी अडवलं. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि किती पाणी आहे त्यावर पीक ठरवतात. बोअर घेऊन ऊस लावायचा नाही, हे गावानं मानलं. आणि गेलेली कुटुंबं परत आली. जमीन तीच होती, पाऊसही तोच होता.

मामा : तेच म्हणायलो मी.

आई : पण २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी, या दोन गावांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या. तिथंबी बिनविरोधच करायचं होतं. पदांची बोली लावून. बिनविरोध कशानं झालं ते विचार. बोलून झालं, बोलीनं झालं, की कुणी तोंड उघडायला धजत नाही म्हणून झालं? तिन्ही बिनविरोधच.

मामा : आणि एक सांगू? हिवरे बाजारात बाहेरच्याला जमीनच विकत नाहीत. एवढं चांगलं गाव, पण मला तिथं घर नाही बांधता येणार!

आई : बरोबर आहे त्यांचं. त्यांना माहीत आहे की गाव कशावर उभं आहे. रोज संध्याकाळी वाद घालून जे नियम ठरवले, ते पैसे देऊन आलेल्या माणसानं एका बोअरमध्ये मोडले तर?

इथं मामा गप्प झाला, आणि मीही. चांगल्या कारभाराचं गाव नव्या माणसाकडं संशयानं बघतं, हे आम्हा दोघांच्या ध्यानात नव्हतं. गाव निवडणारा स्वतःला गिऱ्हाईक समजतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ चार्ल्स टीबू यांनी १९५६ मध्ये मांडलं, की लोक आपल्याला हवा तसा कर आणि हव्या तशा सोयी असलेल्या गावात राहायला जातात आणि अशा तऱ्हेनं पायांनी मत देतात. त्या मांडणीत गावं दुकानासारखी मांडून ठेवलेली आहेत आणि माणूस मोकळा फिरतो आहे. मराठवाड्यात माणूस इतका मोकळा नाही, आणि गावही त्याला तपासतं. बाहेरून आलेल्याला पहिला प्रश्न येतो, ‘कोणाचे तुम्ही?’

मामा : माझं तर गावच आहे. मला कोण विचारणार, कोणाचे म्हणून?

आई : म्हणूनच तुला राजकारण दिसत नाही. तुझी भावकी आहे तिथं. तुझ्याजागी दुसरा असता तर?

आणि मग आईनं १९७८ काढलं. ती तेव्हा मॅट्रिकला होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. कित्येक कुटुंबांनी गाव सोडून शहर गाठलं. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. शहर गाठलेल्या त्या माणसांनी काही शाळा-दवाखाना बघून जागा बदलली नव्हती. गावाची राजकीय रीत बघूनच त्यांनी ठरवलं. त्याच्या तीस वर्षं आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणाला स्वच्छ नकार दिला होता आणि संविधानाचा पाया गाव नसून व्यक्ती आहे याचं समाधान व्यक्त केलं होतं. गावी परतण्याची ओढ सगळ्यांना सारखी का लागत नाही, हे ज्यांना कळत नाही त्यांनी ते भाषण वाचावं.

आई : तुझ्या कारखान्यातला तुझा जोडीदार, आपल्याच तालुक्यातला, तोबी निवृत्त होतोय ना? त्याला विचारलंस, गावी जातो का म्हणून?

मामा : विचारलं. नाही म्हणाला. दिघीत फ्लॅट घेतलाय.

आई : काहून?

मामा : (बराच वेळ गप्प) त्यानं सांगितलं नाही. मीबी विचारलं नाही.

माझ्या मते सगळ्या वादाचं सार या दोन वाक्यांत आहे. ‘राजकारणाशी मला काय देणंघेणं’ हे वाक्य सगळ्यांना परवडत नाही. ज्याला परवडतं त्याला ते परवडतं, कारण गावाचा कारभार आधीच त्याच्या बाजूचा असतो.

मामानं मग पक्षाचा विषय काढला. नरसीत आपल्या विचाराची माणसं आहेत म्हणाला. आईनं तो फार वाढू दिला नाही. ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही, आणि एका पॅनेलमध्ये चार पक्षांचे झेंडे असतात. अमेरिकेत एकसारख्या मताचे लोक एकाच भागात गोळा होतात यावर बिल बिशप यांनी २००८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडं एका घरात दोन पक्ष सुखानं नांदतात. रंग बघून गाव निवडणाऱ्याला गावाची खरी रीत कळत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर नेत्यांना गावबंदीचे फलक लागले, तेव्हा पक्ष सगळेच बाहेर होते. पुढचे महिने गावातल्या गावात शेजाऱ्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हा प्रश्न मात्र आतच राहिला. तो ज्या गावानं बसून सोडवला ते राहण्याजोगं.

मामा : अक्का, मग पाटोदा धर. भास्करराव पेरे पाटलांचं. कर भरला की दळण फुकट.

आई : चांगलंच गाव. आणि मला त्यातलं काय आवडतं सांगू? २०२१ मध्ये त्यांची मुलगी उभी राहिली आणि पडली. एवढं मोठं नाव, राज्यभर भाषणं, तरी लोकांनी पाडलं. मोठ्या घरातलं माणूस पडू शकतं, त्याला मी गावाची तब्येत चांगली म्हणते. एका माणसावर टेकलेला कारभार तो माणूस आहे तोवरच.

यानंतर मामानं जे काढलं ते त्याचं सगळ्यात जोरकस म्हणणं होतं. मला ते आजही खोडता येत नाही.

मामा : नामदेव महाराजांनी काय बघितलं होतं गं? नरसीतून पंढरपूर, तिथून पार पंजाबात घुमान. ना भाषा आपली, ना माणसं. तरी तिथं राहिले, आणि आज गुरू ग्रंथ साहिबात त्यांची पदं आहेत. तिकडचे शीख बांधव आपल्या नरसीला येतात. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. गावाची रीत बघून गेले असते तर गेलेच नसते. आणि औंढ्याला काय झालं? नागनाथापुढं कीर्तन करू दिलं नाही म्हणून मागं गेले, तर देऊळच फिरलं म्हणतात. चांगली माणसं आली की गाव फिरतं. ऐंशी-नव्वदमध्ये शिकलेली, कमावती सगळी आम्हीच निघून गेलो. मग कारभार बिघडला तर दोष कुणाचा? आता तू म्हणतेस आधी बघा, मग या. सगळ्यांनी असंच बघत बसलं तर गाव सुधारणार कोण?

आई लगेच बोलली नाही. मग म्हणाली :

आई : हे पटलं. पण मग पाहुणा होऊन येऊ नकोस. तुझं मत कुठं आहे?

मामा : भोसरीला.

आई : मतदार नोंदणीच्या कायद्यात स्पष्ट आहे, नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. राहायला लागतं. राहायला आलास की आठ नंबरचा फॉर्म भरून नाव हलव. मतदार यादीत नाव असलं तरच तू ग्रामसभेचा सभासद. तोवर तू घरपट्टी भरणारा. मत भोसरीला ठेवून नरसीतल्या पाराखाली कारभारावर बोलणारे लई आहेत.

मामा : आणि ग्रामसभेला जाऊन करू काय? कोरम तरी होतो का?

आई : पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते. एवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग ग्रामसेवक, सरपंच आणि चार माणसं. पुढं आठवडाभर वही घरोघर सह्यांना फिरते. मी बघितलंय, चुलीपुढं बसलेल्या बाईचा अंगठा घेताना. तिला विचारलं कशाचा ठराव, तर म्हणाली घरकुलाचा असंल. तो वाळूचा होता.

मामा : मग अशा गावाला यायचं का नाही?

आई : यायचं की. पण वही फिरते की सभा भरते, ते माहीत करून यायचं. आणि आल्यावर वही दारात आली तर सही करायची नाही.

लायगो-इंडियाचा विषय मामानं जाता जाता काढला. औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरींची प्रयोगशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. देशभरचे शास्त्रज्ञ हिंगोली जिल्ह्यात राहायला येतील, ते काय सरपंच बघून येतील, असं त्याचं म्हणणं. आईनं एवढंच म्हटलं, की त्यांची वसाहत असेल, तिच्या आत पाणी-वीज आपली असेल. पण त्यांच्या घरी कामाला येणारी बाई आणि तिची पोरं गावातच राहणार. यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथं एवढंच म्हणतो, की कुंपणाच्या आत राहणाऱ्यालाच गावाचा कारभार विसरता येतो.

वाद संपत आला असं वाटलं तेव्हा आईनं शेवटची गोष्ट काढली. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

आई : मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं ठराव केला, विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं पत्रक काढलं, बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून. तुला कुठलंबी गाव बघायचं असंल ना, तर एवढंच विचार : ते पत्रक तुमच्या ग्रामसभेत वाचलं का? आणि वाचलं असंल तर तेव्हा बाया हजर होत्या का?

मामा : अक्का...

आई : माझं काही नाही रे. घरभरणीला मी येईन, तू म्हणशील तिथं बसेन. पण गावानं मला कुठं बसवायचं, ते तू एकटा नाही ठरवणार. त्यालाच मी राजकारण म्हणते.

मामानं त्या दिवशी जागेचा इसार दिला नाही. देणारच नाही असंही म्हणाला नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जाऊन बसतो, म्हणाला. मला वाटतं त्याचं घर नरसीतच होईल, आणि व्हावं. आईच्या तपासणीत मामाच्या हट्टाची भर पडली तरच परतणाऱ्यांचा गावाला उपयोग आहे. नुसती तपासणी करणारे शेवटी फ्लॅटमध्येच राहतात, आणि नुसती ओढ असलेले त्या सहा घरांकडं न बघता पहिल्या आळीत नळ घेतात.

ज्यांना परतायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, या तारखांना बहुतेक गावांत ग्रामसभा ठेवलेली असते. इसार देण्याआधी त्यातल्या एका तारखेला गावात असा. बाया किती आल्या, बोलल्या किती, टोकाच्या आळीतलं कुणी उभं राहिलं का, आणि तो उभा राहिल्यावर बाकीचे हसले का, हे बघा. जाणं जमलं नाही तर मागच्या पाच वर्षांच्या ग्रामसभांचं इतिवृत्त आणि हजेरीपत्रक माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि ग्रामपंचायतीला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.